सारीजारच्या दरीतली मुंडी

व्याह्यांनी आपल्या दरीला 'खड्डा' म्हटलं तर मुलीच्या बापानं काय करावं, याबद्दल आमच्या जुन्याजाणत्यांनी काहीही सांगून ठेवलेलं नाही. बाकी सगळं सांगितलंय. व्याही आला की कुठं बसवायचा, त्याच्या खांद्यावर झगा कुणी चढवायचा, त्याच्या विनोदाला किती वेळ हसायचं, सगळं. खड्ड्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. म्हणून जे काही झालं ते मी माझ्या अकलेनं केलं, आणि त्याची जबाबदारी आजही मी कुणावर ढकलत नाही. बायको म्हणते, ढकलायला कुणी उरलं नाही म्हणून.

त्याचं असं झालं. आमची तोग्झान आणि कादिरबाय यांचा मेइराम यांचं जमलं. दोघंही नोकरीला इथंच अल्माटीत. कादिरबाय मात्र राहणार अक्ताऊचे, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठी. त्यांचा फोन आला. मी रीतीप्रमाणे विचारलं, "कादेके, गुरंढोरं, लेकरंबाळं, म्हातारीकोतारी, सगळी सुखरूप?" त्यांनी रीतीप्रमाणे एकेकाची खुशाली सांगायला सुरुवात केली आणि मी रीतीप्रमाणे "वा, वा" म्हणत कुलाशला, म्हणजे बायकोला, टीव्हीचा आवाज कमी कर असं खुणावत राहिलो. (माझं नाव तिलेउबेर्दी. मान द्यायचा असला की आम्हा कझाखांकडे नाव आखडून 'के' लावतात. म्हणून ते कादेके आणि मी तिलेके. नाव जितकं आखूड तितका मान मोठा.)

खुशाली संपल्यावर ते म्हणाले, "तिलेके, मुलांचं आम्ही ठरवून टाकलंय. लग्न झालं की अक्ताऊला. घर बांधायला घेतलंय, छपरापर्यंत आलंय."

तोग्झान कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. एकुलती एक आहे. अक्ताऊला विमानानं जायचं म्हटलं तरी तीन तास लागतात, आणि मी विमानात डोळे मिटून बसणारा माणूस. पण मुलीच्या बापाला 'नाही' हा शब्द आमच्याकडे वापरायला मिळत नाही. तो मुलाच्या बापाच्या वाट्याला गेलेला असतो. म्हणून मी आडवळणानं म्हणालो, "अल्माटीही वाईट नाही हो."

"काय आहे तिथं? धूर आणि गाड्या. आमच्या दऱ्या बघा एकदा. जुन्या समुद्राचा तळ उभा राहिलाय, तळ!"

"आमच्याकडे सारीजारची दरी आहे."

"तो खड्डा?" असं म्हणून ते हसले.

मी भूगोलाचा मास्तर आहे. एकोणतीस वर्षं मी पिवळ्या खडूनं सारीजारची दरी फळ्यावर काढत आलोय. वारा आणि पाणी मिळून दगड कसा कोरतात, मऊ थर कसा झिजतो, कठीण थर टोपीसारखा वर कसा राहतो, हे मी झोपेत सांगू शकतो. कुलाशच्या म्हणण्याप्रमाणे सांगतोही. प्रत्यक्षात मी तिथं एकदाच गेलोय, तेही तरुणपणी, आणि त्यातला निम्मा वेळ गाडीचं चाक बदलण्यात गेला. पण अपमान हा अपमानच. माझ्या तोंडून निघून गेलं, "कादेके, तुम्ही याच. तुमचं पहिलं जेवण मी सारीजारच्या तळाशी घालतो."

माझा हिशेब सरळ होता. माणूस ती दरी बघेल, गप्प होईल आणि आपणहून म्हणेल, राहू द्या पोरांना इथंच. दगड झिजतो तर व्याही का झिजणार नाही?

कुलाश म्हणाली, "अहो, व्याही पहिल्यांदा येतायत. पहिल्या जेवणाला मेंढा पडायला हवा, मुंडी पुढ्यात ठेवायला हवी. ती काय खिशातून नेणार?"

"पातेल्यातून नेईन."

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," ती म्हणाली आणि पातेलं काढायला गेली. तिचं एक आहे, बोलते विरुद्ध आणि करते बाजूनं.

खालच्या मजल्यावर तुर्गान राहतो. उइगुर आहे, शेवयांची खानावळ चालवतो, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे सल्ला असतो. "मास्तर, खानावळीत आणा व्याह्यांना. वर पंखा आहे, खाली गालिचा आहे. दरीत काय आहे? धूळ."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तुझी गाडी दे."

"देतो. पण मी चालवणार. आणि मुंडी आधी नीट भाजून घ्या, नाहीतर केस राहतात. व्याह्याच्या दातात केस गेला तर सात पिढ्या काढतो तो."

मुंडी भाजायची ती जाळ फेकणाऱ्या बत्तीनं, हे सगळ्यांना माहीत आहे. चौथ्या मजल्याच्या गच्चीत ती पेटवू नये हेही सगळ्यांना माहीत आहे. मी पेटवली. पाच मिनिटांत समोरच्या इमारतीतल्या आजीबाईंनी अग्निशमनवाल्यांना कळवलं की मास्तरांनी कंटाळून स्वतःला पेटवून घेतलंय. लाल गाडी आली, शिडी लागली, शिडीवरून एक धिप्पाड जवान माझ्या गच्चीत डोकावला. एका हातात बत्ती आणि दुसऱ्या हातात शिंग धरून मी उभा. त्यानं मुंडीकडे नीट पाहिलं.

"व्याही?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग नाकपुड्या अजून भाजा. तिथं कच्ची राहिलीय," असं म्हणून तो शिडी उतरला. खाली जमलेल्या पन्नास माणसांनाही त्यानं ते सांगितलं असावं, कारण पुढचे तीन दिवस मला जिन्यात भेटेल तो नाकपुड्यांची चौकशी करत होता.

मग परवानगी. सारीजार आता राखीव उद्यान झालंय, तिथं वाटेल तसं जेवता येत नाही. मी कचेरीत गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी चार पानी अर्ज पुढे सरकवला.

"बरोबर काय नेणार?"

"मेंढ्याची मुंडी."

"प्राणी नेता येत नाहीत."

"तो मेलेला आहे."

"मेलेला प्राणी उद्यानात आढळला तर त्याचा पंचनामा होतो."

"बाई, तो शिजलेला आहे."

त्यांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. शिजलेल्यासाठी अर्जात रकाना नव्हता. "बरं, पुढचं सांगा. माणसं किती?"

"सहा."

"माणशी वजन? दरीची झीज होते ना, हल्ली विचारावं लागतं."

"व्याह्यांचं वजन मी कसं विचारू?"

"अंदाजे लिहा."

"व्याह्यांचं वजन अंदाजे लिहून देणारा मुलीचा बाप तुम्ही आजवर पाहिलाय?"

बाईंनाही मुलगी असावी. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू का? सामूहिक भोजनाला मंजुरी मिळायला एकवीस कामाचे दिवस लागतात." व्याही शनिवारी येणार होते आणि त्या दिवशी गुरुवार होता. मी अर्जाची घडी घातली आणि खिशात ठेवली. अर्ज नामंजूर व्हायला आधी तो द्यावा लागतो. मी दिलाच नाही. लाखो वर्षं वारा त्या दरीचे लचके तोडतोय, त्याला कुणी चार पानी अर्ज भरायला लावला नाही. मग मला काय म्हणून?

शनिवारी कादिरबाय उतरले. उंच, रुंद, टोपी मागे सारलेली. बरोबर त्यांच्या पत्नी सानिम, त्यांच्या हातात वाळवलेल्या माशांची चळत आणि उंटिणीच्या दुधाचा कॅन. बाई गोड होत्या, पण नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या, त्यामुळे मला पहिल्यापासून मताधिक्य मिळालं नाही. तुर्गानच्या गाडीत पुढे कादिरबाय, मागे तोग्झान-मेइराम धरून आम्ही पाचजण, आणि माझ्या मांडीवर दुलईत गुंडाळलेलं गरम पातेलं. तीन तास माझ्या मांड्या शिजत होत्या, पण मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

फाटकावर पहारेकऱ्यानं दुलईकडे बोट केलं. "हे काय?"

"आजारी आहे," तुर्गान म्हणाला. असला सल्लागार कुणाला मिळू नये. पहारेकरी वाकून बघायला लागला, तशी कुलाशनं पातेल्यावर हात ठेवून "झोपलंय, उठवू नका" असं इतक्या मायेनं सांगितलं की त्यानं टोपी काढली. तुर्गान गाडीतच आडवा झाला आणि आम्ही सहाजण दरीकडे निघालो.

दरी दिसली आणि मी कादिरबायच्या तोंडाकडे पाहत राहिलो. खाली लाल-पिवळ्या दगडांचे बुरूज, मनोरे, मध्ये वळत गेलेली वाट, आणि पार तळाशी नदीची हिरवी रेघ. मलाच भरून आलं. फळ्यावर हे कधीच नीट जमलं नव्हतं. खडूचा दोष.

कादिरबाय कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हा मनोरा बघितलास सानिम? आपल्याकडे याच्या तिप्पट आहे."

"तिप्पट," सानिम म्हणाल्या.

"आणि तसे दोन आहेत."

वाटेवर एक पाटी होती: 'दगड मऊ आहे. पायवाट सोडू नका.' पातेल्याच्या दोन्ही कानांतून काठी घालून मी आणि मेइराम ते वाहून नेत होतो, मी पुढे, तो मागे. मेइराम भला पोरगा आहे, त्यानं सगळा भार स्वतःकडे ओढून घेतला होता. पण मी मागं वळून कादिरबायना समजावत होतो की उंची हे काही दरीचं मोजमाप नव्हे, थर बघा थर, आणि एवढ्यात माझ्या पायाखालची खडी सरकली. मी बसलो. काठी सुटली. पातेलं निघालं.

पायवाट सोडू नका असं पाटीवर लिहिलं होतं ते माणसांसाठी. पातेल्यानं ती पहिल्याच वळणावर सोडली. दुलई फडफडवत ते उतारावरून गडगडत गेलं, फोटो काढणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या घोळक्यातून वाट काढून गेलं (त्यांनी त्याचेही फोटो काढले), एका खडकावर आपटून हवेत उडालं आणि नदीकाठच्या झुडपात जाऊन विसावलं. मागे उतारावर रश्श्याची एक लांब ओली रेघ उरली.

कादिरबाय इतके हसले की त्यांना खडकाला टेकावं लागलं. "तिलेके, तुमच्या खड्ड्यात पातेलंसुद्धा थांबायला तयार नाही!"

मी उठलो, विजारीची धूळ झटकली आणि म्हणालो, "त्याला भूक लागली असेल. आपणही चला." सुंभ जळतो, पीळ जळत नाही. माझी तर विजारही फाटली होती, पण मी तळापर्यंत ताठ चालत गेलो, फक्त भिंतीकडे पाठ ठेवून.

कुलाशनं झाकण आपल्या ओढणीनं तीन गाठी मारून बांधलं होतं, म्हणून मुंडी वाचली. अर्धा रस्साही वाचला. नदीकाठी झाडाखाली आम्ही चादर अंथरली, तळलेल्या पुऱ्या मांडल्या, ताक, मासे, उंटिणीचं दूध. मग मी मुंडी मोठ्या थाळीत ठेवली, तिचं तोंड कादिरबायकडे केलं, बाजूला सुरी ठेवली आणि म्हणालो, "घ्या, कादेके."

कादिरबायनी हात मागे घेतले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"तिलेके, माझे वडील हयात आहेत."

ज्याचा बाप जिवंत आहे त्यानं मुंडी कापायची नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती कापणं म्हणजे बापाला जिवंतपणी पुरणं. आणि साठीच्या माणसाचे वडील असतील असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"फोनवर सांगितलं होतं मी," कादिरबाय म्हणाले. "अब्बा नव्वदीत आहेत, रोज उंटिणीचं दूध पितात, असं सांगितलं. तुम्ही 'वा, वा' म्हणालात."

कुलाशनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथं लिहीत नाही. मेइरामचा प्रश्नच नव्हता, त्याचा बाप समोरच बसला होता. उरलो मी. पण यजमानानं पाहुण्यांपुढची मुंडी स्वतःच कापणं म्हणजे स्वतःची आरती स्वतःच ओवाळून घेणं. बायकांनी कापायची रीत नाही. मुंडी अशी मधोमध बसली होती आणि आम्ही सहाजण तिच्याकडे बघत होतो. घाम पुसताना मला वाटलं, हिला पुन्हा वर घेऊन जावं लागणार.

एवढ्यात झुडपं हलली आणि उद्यानाचा रखवालदार बाहेर आला. सत्तरीचा, खाकी कपडे, पट्ट्याला वायरलेस, हातात वही. रश्श्याची रेघ हुंगत थेट आमच्यापर्यंत पोचला होता.

"इथं सामूहिक भोजन चालत नाही. पातेलं कुणाचं?"

कादिरबाय उठून उभे राहिले. "आगा, रागावू नका. तुमचं नाव?"

"सातिबाल्दी. पातेलं कुणाचं?"

"साके, तुमचे वडील?"

"माझ्या वडिलांचं काय?"

"आहेत?"

"वारले. एकोणीस वर्षं झाली."

"बरं झालं!" हे माझ्या तोंडून निघालं. कुलाशनं मला चिमटा काढला, पण आमच्या सगळ्यांचेच चेहरे असे उजळले होते की म्हातारा दोन पावलं मागे सरकला. मग त्यानं थाळी पाहिली, सुरी पाहिली, कादिरबायचे मागे घेतलेले हात पाहिले, आणि त्याला सगळं कळलं.

"मी कामावर आहे," तो म्हणाला. आवाजात दम नव्हता.

"मुंडी निवतेय, साके," कादिरबाय म्हणाले.

मुंडी नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. आणि सरकारी नोकरीत असला तरी माणूस कझाखच. साकेंनी वही खिशात घातली, वायरलेस फांदीला टांगला, नदीवर जाऊन हात धुतले, टोपी नीट केली आणि मानाच्या जागी मांडी घालून बसले. वायरलेस खरखरला, "साके, पातेलं सापडलं का?"

"सापडलं. तपास चालू आहे," साके म्हणाले आणि सुरी उचलली.

काय हात होता त्यांचा! गालाचा तुकडा कादिरबायना, टाळू सानिमबाईंना, एकेक तुकडा ज्याचा त्याला. मग त्यांनी दोन्ही कान कापले. कान धाकट्यांना द्यायचा असतो, वडीलधाऱ्यांचं ऐकत जा म्हणून. एक तोग्झानच्या हातात ठेवला, एक मेइरामच्या.

"छान!" कादिरबाय म्हणाले. "आता ऐका. अक्ताऊचं घर छपरापर्यंत आलंय."

आणि माझं मस्तक फिरलं. तीन तास शिजलेल्या मांड्या, फाटकी विजार, तिप्पट मनोरे, सगळं एकदम वर आलं. मी ओरडलो, "नाही! माझी मुलगी कुठंही जाणार नाही!"

दरीनं ते उचललं. 'नाही' भिंतीवर गेलं, समोरच्या भिंतीवरून परत आलं, मग तिसऱ्या भिंतीवरून. आयुष्यात पहिल्यांदा व्याह्याला नाही म्हटलं आणि ते चार वेळा ऐकू आलं. कादिरबायही थोडेच ऐकणार! "मुलाच्या बापाला विचारल्याशिवाय?" त्यांचं 'विचारल्याशिवाय'ही चार वेळा फिरलं. माझं संपायच्या आत त्यांचं, त्यांचं संपायच्या आत माझं. कोण कुणाला काय म्हणतंय ते दरीलाही कळेना.

तोग्झान उठली. तिनं आपल्या हातातला कान माझ्या तळहातावर ठेवला. मेइरामनं आपला कान कादिरबायच्या हातावर ठेवला.

"हे काय?" मी म्हणालो.

"तुम्हीच खा," तोग्झान म्हणाली. "आज ऐकायचं तुम्हाला आहे."

असं कधी कुणी केलेलं नाही. धाकट्यांनी थोरांच्या हातावर कान! मी साकेंकडे पाहिलं. मुंडी ज्याच्या हातात त्याचा शब्द शेवटचा. साकेंनी सुरी पुसली, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दिलेलं परत करायचं नसतं. खा."

आम्ही दोघांनी आपापला कान तोंडात घातला. तोग्झान बोलायला लागली, आणि भरल्या तोंडानं आम्हाला मध्ये बोलता येईना.

"माझ्या वर्गात अकरा मुलं आहेत. आणखी दोन वर्षं ती माझ्याकडे आहेत. मी त्यांना सोडून जाणार नाही. त्यांना ऐकू येत नाही, पण माझं म्हणणं त्यांना तुमच्या दोघांच्या आधी कळतं. बाबा, तुम्ही मला एकदा तरी विचारलंत? आणि मामंजी, रागावू नका, तुम्ही तरी?"

मी चघळता चघळता छाती पुढे काढली. जिंकलो होतो. कादिरबायकडे मी असं पाहिलं की बघा.

"आणि बाबा," ती म्हणाली, "तुमच्या जिन्यातही आम्ही राहणार नाही. दुसऱ्या मजल्यावरची खोली आमच्यासाठी धरून ठेवा, असं तुम्ही परवा तुर्गानकाकांमार्फत सांगून ठेवलंत, ते कळलंय मला. आम्ही स्टेशनापलीकडे खोली घेतलीय. दोन वर्षांनी अक्ताऊला जायचं, इथं राहायचं की आणखी कुठं, ते मी आणि मेइराम ठरवू."

माझी छाती जागेवर आली. कुलाश पुऱ्या मोजल्यासारखं करत होती, म्हणजे तिला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. सानिमबाईंनी मान डोलावली. त्या दिवसात पहिल्यांदाच ती नवऱ्याच्या वाक्याला नव्हती.

कान चिवट असतो. बराच वेळ चघळावा लागतो. मला राग आला होता, लाज वाटत होती, आणि त्याखाली कुठंतरी असं काही दाटून आलं होतं की डोळ्यांत धूळ गेल्याचं सोंग करावं लागलं. एवढीशी होती तेव्हा दुकानात खाऊ मागायलासुद्धा माझ्या मागे लपायची.

कादिरबायचं आधी संपलं. त्यांनी मिशा पुसल्या आणि माझ्याकडे वळले. "तिलेके, तुमची मुलगी माझ्या तोंडावर नाही म्हणाली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साकेंनीही सुरी खाली ठेवली. अशा वेळी मुलीच्या बापानं काय करायचं ते मात्र जुन्याजाणत्यांनी नीट सांगून ठेवलंय. छातीवर हात ठेवायचा, मान खाली घालायची, पोर चुकली, पोटात घाला, असं म्हणायचं.

मी कान गिळला.

"हो," मी म्हणालो. "माझी मुलगी आहे ती."

या वेळी दरीनं काही उचललं नाही, मी हळू बोललो होतो. कादिरबायनी रश्श्यासाठी आपली वाटी माझ्यापुढे केली.